टॉवरकडे बघून काय होणार?



आमच्या शहापूर तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामसभेला जाऊन बसा. 26 जानेवारीची असो नाहीतर 2 ऑक्टोबरची. आधी रस्त्याचा विषय निघतो, मग पाण्याचा, आणि विजेवर गाडी आली की कोणीतरी उठून ते ठरलेलं वाक्य म्हणतोच. "धरण आमचं, जमीन आमची, टॉवर आमच्या शेतात, आणि उजेड मुंबईला!" टाळ्या पडतात. पुढारी मान डोलावतात. चहा होतो, सभा संपते. आणि वळवाच्या पहिल्या सरीला नेहमीप्रमाणे लाइट जाते.

दुसरं वाक्य आमच्या शहरातल्या नातेवाइकांचं. मुलुंड, ठाणे, पुणे, कुठूनही फोन येऊ दे, त्यांचं उत्तर तयार असतं. "अहो, गावाकडे लाइट जायचीच. झाडं, डोंगर, पाऊस! त्यात तुमचे लोक आकडे टाकतात."

या दोन्ही वाक्यांशी आज मला भांडायचं आहे. कारण वरवर ती एकमेकांच्या विरुद्ध वाटली तरी दोन्हींचा परिणाम एकच होतो. जाब जिथे विचारायला हवा तिथवर कोणी पोचतच नाही.

आधी घरच्यांशी भांडतो, म्हणजे बाहेरच्यांशी भांडायचा अधिकार मिळेल.

शहापूरहून नाशिक महामार्गाने ठाण्याकडे निघालात की भिवंडी तालुक्यात पडघे लागतं. तिथे 400 केव्हीचं, म्हणजे चार लाख व्होल्टचं, अवाढव्य सबस्टेशन आहे. 1999 पासून चंद्रपूरची वीज 752 किलोमीटरचा प्रवास करून इथे येते. ही लाइन एकदिश प्रवाहाची, 500 केव्हीची, आणि तिची क्षमता 1500 मेगावॉट. पडघ्याला ती वीज नेहमीच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलते. नगरकडची बाभळेश्वर लाइनही सह्याद्री उतरून इथेच येते. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या तारा त्या या अशा.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, विजेचं शास्त्र माझ्या वाट्याला आलं नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी लाइनवर काम करतो, त्याला समोर बसवून मी हे समजून घेतलं. तो म्हणाला, "गुरुजी, कल्याण जंक्शन डोळ्यापुढे आणा." बरोबर बोलला. कसाऱ्याकडून एक मार्ग, कर्जतकडून एक, आणि दोन्ही कल्याणला एकत्र येतात. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, रूळ बिघडला तर कुठून वळवायची, हे जंक्शनवर ठरतं. मोठं सबस्टेशन हेच करतं. अनेक लाइनी तिथे भेटतात, व्होल्टेज कमी-जास्त होतं, बिघडलेली लाइन ब्रेकरने क्षणात तोडून बाजूला काढली जाते आणि भार दुसऱ्या वाटेवर जातो. बिघाड जिथल्या तिथे रोखणं हे त्याचं अर्धं काम, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आता चार लाख व्होल्ट कशाला? तर व्होल्टेज जितकं जास्त तितका तीच वीज वाहून न्यायला प्रवाह कमी लागतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अकरा हजारांच्या ऐवजी चार लाखांवर नेली तर प्रवाह सुमारे छत्तीस पट कमी, आणि तेवढ्याच जाडीच्या तारेत गळती तेराशे पट कमी. चंद्रपूरची वीज इथवर जिवंत पोचते ती यामुळे.

"मग मधूनच एक वायर खाली सोडा की," असं आपले लोक म्हणतात. बाबांनो, हिशेब करा. 400 केव्हीच्या सबस्टेशनात जो ट्रान्सफॉर्मर बसतो तो एकेक 315 एमव्हीए क्षमतेचा असतो. आपल्या पाड्यावरची डीपी 63 केव्हीएची. म्हणजे त्या एका ट्रान्सफॉर्मरमध्ये आपल्या पाच हजार डीप्या बसतात. भातसा धरणाच्या दरवाजाला तोंड लावून कोणी पाणी पितं का? तांब्याने प्यायचं तर तांब्यापर्यंत पाणी आणणारा नळ लागतो. टॉवरखाली अंधार आहे यात टॉवरचा दोष नाही. नळ कुठे आहे आणि कसा आहे, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट "आमची वीज" या शब्दांची. भातसा धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचं वीजघर आहे. आपल्याच तालुक्यात चोंढ्याला घाटघर प्रकल्पाचं 250 मेगावॉटचं वीजघर 2008 मध्ये सुरू झालं. लोक म्हणतात, ही आमची वीज, आधी आम्हाला द्या. पण घाटघरचा प्रकल्प चालतो कसा? मागणी कमी असेल तेव्हा ग्रीडमधली वीज घेऊन खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करायची. म्हणजे चोंढे आधी दुसऱ्यांची वीज घेतं, मग देतं! एकदा वीज ग्रीडमध्ये शिरली की तिला गाव उरत नाही. भातसा, काळू, उल्हास शेवटी एकाच खाडीत जातात, तिथे ओंजळ भरून माहुलीवर पडलेला थेंब कोणता ते सांगून दाखवा.

आणि या ग्रीडचे आपल्यावरही उपकार आहेत. देशभरची यंत्रं सेकंदाला 50 आवर्तनांच्या एकाच लयीत फिरतात, भजनात सगळ्यांचे टाळ एकदम पडावेत तशी. एकाचा टाळ फार चुकला की लय मोडते. 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड कोसळली, साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती अंधारात गेली. पश्चिमेची ग्रीड त्या दिवशी टिकली, म्हणून आपल्या घरातले पंखे फिरत राहिले. पुढे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइनीने दक्षिणेची ग्रीड जोडली गेली आणि सगळा देश एका लयीत आला. तेव्हा टॉवरला शिव्या घालू नका. टॉवर पडला तर आपणही पडतो.

हो, टॉवरखालच्या जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न खरा आहे आणि तो वेगळा आहे. 1885 च्या इंग्रजी तार कायद्याचा आधार घेऊन वर्षानुवर्षं शेतात टॉवर उभे राहिले. जमीन संपादन नाही, फक्त पिकाची, झाडाची नुकसानभरपाई. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2015 मध्ये आल्या, टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या 85 टक्के. 2024 मध्ये ते 200 टक्के झालं आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के. ज्यांच्या शेतात नवा टॉवर येणार असेल त्यांनी हा आकडा पाठ करावा आणि तहसीलदारापुढे मांडावा. पण हे भांडण जमिनीचं. ते जिंकलं तरी रात्री घरात दिवा लागणार नाही.

आता शहरातल्या मंडळींकडे वळतो.

12 ऑक्टोबर 2020. सोमवार, सकाळी दहाचा सुमार. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस, रुग्णालयांच्या काळजीने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण कुठलं? याच पडघ्याहून कळव्याला जाणाऱ्या 400 केव्हीच्या लाइनी. एक आधीच बंद होती, मग दुसरीही गेली, पुणे-खारघरची वाटही त्या वेळी नव्हती. अशा वेळी मुंबईने बाहेरच्या ग्रीडपासून स्वतःला तोडून स्वतःच्या वीजघरांवर तग धरायचा, अशी व्यवस्था कित्येक वर्षांपासून होती. त्या दिवशी तीही चालली नाही.

पुढे काय झालं ते बघा. चौकश्या बसल्या. वर्षानुवर्षं रेंगाळलेली खारघर-विक्रोळीची 400 केव्ही लाइन हलली आणि 2023 मध्ये सुरूही झाली. वाडा तालुक्यातल्या कुडूसहून आरेपर्यंत 1000 मेगावॉटची एकदिश प्रवाहाची आणखी एक वाट मंजूर झाली. हे योग्यच झालं. मुंबई बंद पडून कोणाचंच भलं होत नाही. पण या सगळ्यामागे अभियंत्यांचा एक साधा नियम आहे. कुठलीही एक वाट तुटली तरी काम चालू राहिलं पाहिजे. वरच्या पातळीवर हा नियम पाळायची धडपड असते, आणि मोडला की महाराष्ट्रभर बोभाटा होतो.

आता हाच नियम हातात घेऊन खाली या. चार लाखांवरून दोन लाख वीस हजार, मग एक लाख, मग 22 किंवा 11 हजार, आणि शेवटी आपली डीपी, तिथून 230 व्होल्ट घरात. खालच्या टोकाला, गावांना वीज देणाऱ्या छोट्या सबस्टेशनपाशी, हा नियम संपतो. तिथून एक फिडर निघतो. एकच. तो जंगलातून, ओढ्यावरून, भातखाचरांतून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. एका पाड्याजवळ सागाची फांदी तारेवर पडली, पिन इन्सुलेटर फुटला, जंप तुटला, की तिकडे सबस्टेशनात ब्रेकर पडतो आणि फिडरवरची सगळी गावं एकदम काळोखात. ब्रेकरने आपलं काम चोख केलेलं असतं. पण मध्ये लाइनीचे तुकडे करणारे एबी स्विच एकतर नसतात, नाहीतर गंजून बसलेले असतात. मग वायरमनने रात्री, पावसात, बॅटरी घेऊन खांबामागून खांब बघत फॉल्ट शोधायचा. लाइन चार्ज करायची, पुन्हा ट्रिप, पुन्हा चालायचं.

आणि लोक शिव्या कोणाला देतात? त्या वायरमनला! भर पावसात खांबावर चढणारा तो एकटा माणूस आपल्या हाताशी असतो म्हणून. टॉवर फार उंच, वायरमन फार जवळ. ज्या टेबलावर "या भागाला दुसरा फिडर नको, एवढ्यात भागेल" असं ठरतं, ते टेबल कोणालाच दिसत नाही.

झाडं आणि पाऊस म्हणता? पाऊस मुलुंडलाही पडतो. तिथे तारा बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली आहेत, आणि एक तार गेली तर दुसरीकडून वीज फिरवता येते. फांद्या मृगाच्या आधी छाटायच्या असतात हे आमच्या शेतकऱ्याला कळतं, ते कामाच्या वेळापत्रकाला कळायला काय हरकत आहे? आकडे टाकणारे आहेत, मी नाकारत नाही. आकड्यांनी डीपीवर भार येतो, डीपी जळते, आणि प्रामाणिकपणे बिल भरणारा शेजारी अंधारात बसतो. चोराला पकडा. पण आकड्यामुळे इन्सुलेटर फुटत नाही, आणि चोरीचं कारण सांगून अख्ख्या फिडरला शिक्षा करता येत नाही. वर्गात एकाने खोडी काढली म्हणून सगळ्यांना उभं करणाऱ्या मास्तरला आपण चांगला मास्तर म्हणत नाही.

"थोड्या घरांसाठी एवढा खर्च कोण करणार?" हा शेवटचा युक्तिवाद. दादरचं पोस्टकार्ड आणि डोळखांबचं पोस्टकार्ड एकाच किमतीला जातं. पोस्टमन म्हणत नाही की डोळखांबला चार घरं आहेत, पत्र तिठ्यावर ठेवून जातो. सार्वजनिक सेवा म्हणतात ती याला.

आणि हा भेद नुसता आमच्या मनातला नाही, तो नियमांतच लिहिलेला आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. नवीन जोडणी किती दिवसांत द्यायची? महानगरात 7 दिवस, नगरपालिकेत 15, गावात 30. 2024 मध्ये हे दिवस कमी केले. महानगरात 3, नगरपालिकेत 7, गावात 15, आणि डोंगराळ भागातल्या गावांत 30 दिवसच. सुधारणा झाली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मी फळ्यावरचा भागाकार केला. आधी गावकऱ्याला शहरवाल्याच्या सव्वाचार पट थांबावं लागत होतं. सुधारणेनंतर पाच पट!

लाइट गेल्याने एवढं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून 14 लाख 47 हजार 363 दशलक्ष लिटर पाणी मावतं. त्यातलं 7 लाख 17 हजार 37 दशलक्ष लिटर एकट्या भातसात, म्हणजे जवळजवळ निम्मं. ते पाणी नदीतून खाली पिशाला जातं, तिथे पंपाने उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं. 26 फेब्रुवारी 2024 ला पिशाच्या उदंचन केंद्रात ट्रान्सफॉर्मरला आग लागली, आणि मुंबईत काही दिवस 15 टक्के पाणीकपात करावी लागली. तेव्हा शहराला कळलं की नळाचं पाणी म्हणजे निम्मी वीजच असते. आमच्या बायका हे रोज शिकतात. गावातल्या नळपाणी योजनेचा पंपही विजेवरच चालतो. फिडर गेला की पंप बंद, आणि मग धरणाच्या तालुक्यातल्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन विहीर गाठायची. तिच्या वाट्याची कपात 15 टक्के नसते, शंभर टक्के असते. तिची बातमी होत नाही.

आणखी एक. लाइट बराच वेळ गेली की मोबाइलच्या टॉवरची बॅटरी उतरते, रेंज जाते. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत साप चावतो तो विचारून चावत नाही. 108 ला फोन लावायचा कशावरून? आरोग्य केंद्रातला लशींचा फ्रिज किती वेळ थंड राहणार? छोट्या सबस्टेशनचा दुसरा फिडर हा कोणाच्या टीव्हीचा प्रश्न नाही, माणूस शहापूरच्या रुग्णालयात वेळेत पोचतो की नाही याचा आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ते टाळ्यांचं वाक्य पुरे करा. 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले हे लक्षात ठेवा. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या लाइनी आणि मोठी सबस्टेशनं सांभाळणारी महापारेषण, आणि घरापर्यंत वीज आणणारी महावितरण. अजूनही आपण "एमएसईबी" म्हणून एकाच दाराशी ओरडतो आणि ते दार म्हणतं, हे आमच्याकडे येत नाही. डीपी, फिडर आणि छोटं सबस्टेशन हे महावितरणचं काम. तिथे लेखी, पोच घेऊन, हे विचारा:

1. आमचं गाव कुठल्या सबस्टेशनच्या कुठल्या फिडरवर आहे, आणि त्या फिडरवर एकूण गावं किती?

2. गेल्या वर्षभरात तो फिडर किती वेळा पडला आणि दर वेळी किती तास बंद राहिला? सबस्टेशनात नोंदवही असते. तिचा महिन्याचा गोषवारा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

3. शेजारच्या फिडरला जोडून दुसऱ्या बाजूने वीज देता येईल का? येत असेल तर खर्च किती, आणि प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे?

4. फिडरवर चालू स्थितीतले एबी स्विच किती आणि कुठे?

5. फांद्या कुठल्या तारखेपर्यंत छाटणार, आणि त्या कामाला किती माणसं?

यातल्या एकाही प्रश्नाला टाळी पडणार नाही, मला माहीत आहे. पण यातल्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं, आणि "टॉवर आमच्या शेतात" या वाक्याला कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही. पुढाऱ्यांना ते आवडतं ते उगाच नाही.

आणि मुलुंड-ठाण्याच्या आप्तांनो, तुमच्यासाठी एकच मागणं. ऑक्टोबर 2020 नंतर तुम्हाला नवी वाट मिळाली याचा आम्हाला हेवा नाही. पण "गावाकडे लाइट जायचीच" हे परत म्हणू नका. तुम्ही ते म्हणता, तेच त्या टेबलावरचा माणूसही म्हणतो, आणि आमचा कागद खाली सरकवतो.

असो. बरंच लांबलं. मुरबाडकडच्या, जव्हार-मोखाड्याच्या आणि घाटावरच्या मंडळींनी आपापल्या फिडरची काय तऱ्हा आहे ते जरूर कळवावं. कोणाच्या गावाने दुसरा फिडर मिळवला असेल तर कसा मिळवला तेही लिहा. अर्जाचा नमुना असला तर फारच बरं, आमच्या ग्रामसेवकाला देता येईल.